मदत हवी आहे: बाबांच्या अहवालात ‘सीडीएच-१’ उत्परिवर्तन, आम्ही भावंडांनी काय करावे?

अंत्रुजवासी: बाबांना जठराचा कर्करोग झाला आहे. काल आलेल्या जनुकीय अहवालात ‘सीडीएच-१’ जनुकात उत्परिवर्तन असल्याचे लिहिले आहे. असा दोष असणाऱ्यांना धडधाकट असतानाही जठर काढून टाकण्याचा सल्ला देतात, असे वाचनात आले. मी आणि माझी बहीण यांनी तपासणी कुठे करावी आणि ही शस्त्रक्रिया खरोखरच करावी लागते का? सोमवारी बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) जायचे आहे. त्याआधी नेमके उत्तर हवे.

दूधसागर: नमुना रक्ताचा होता की गाठीचा? कर्करोग ‘डिफ्यूज’ (पेशी एकसंध गाठ न करता विखरून पसरणाऱ्या) प्रकारचा आहे का? बाबांचे वय काय? एवढे कळल्याशिवाय कोणी काही सांगू नये.

सत्तरीकर: गाठीच्या पेशींवरचे ‘हर-टू’ हे प्रथिन तपासले का? माझ्या आईच्या गाठीत ते वाढलेले निघाले म्हणून केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेमका मारा करणारे औषध) देता आले आणि तिला चांगला उतार पडला. अहवालात ‘२+’ (म्हणजे संदिग्ध) असेल, तर फिश चाचणीचा (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या) आग्रह धरावा.

मांडवीकाठ: जनुकांचा एवढा बाऊ कशाला? हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच जाहीर केले आहे. घरातल्या सर्वांनी आधी त्याची चाचणी करावी आणि खारे सुके मासे कमी करावेत.

दूधसागर: मांडवीकाठ, जंतूविषयी आपण म्हणता ते खरेच आहे, परंतु विचारलेला प्रश्न बापाकडून मुलांकडे काय येते हा आहे, आणि सुके मासे सोडल्याने जन्मजात दोष जात नाही.

अंत्रुजवासी: नमुना अर्थातच एण्डोस्कोपीत काढलेल्या तुकड्याचा, दुसरा कशाचा असणार? प्रकार डिफ्यूज, वय एकाहत्तर. आता तरी उत्तर द्यावे.

सत्तरीकर: एकाहत्तर म्हणजे आनुवंशिकतेचा प्रश्नच मिटला. तो आजार तरुणपणी होतो.

दूधसागर: मिटला असे म्हणता येणार नाही, उतारवयामुळे शक्यता घटते, एवढेच. डिफ्यूज प्रकारात सीडीएच-१ मधील बिघाड पुष्कळदा केवळ गाठीच्या पेशींत, आयुष्यात नंतर उद्भवलेला असतो आणि तो मुलांकडे जात नाही. म्हणून प्रथम बाबांच्याच रक्ताची किंवा लाळेची जन्मजात बदलांसाठी चाचणी करावी. तिथे तो बदल नसेल, तर त्याच्यासाठी तुम्हा भावंडांची तपासणी लागत नाही. असेल आणि रोगकारक ठरला असेल (‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असल्यास त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत), तर तो तुमच्यापैकी प्रत्येकात असण्याची शक्यता निम्मी आणि तेवढाच एक बदल तुमच्या रक्तात शोधावा लागतो. या जनुकाचा आनुवंशिक जठर-कर्करोगाशी संबंध 1998 मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून उघड झाला. जठर काढण्याचा सल्ला देतात, कारण या रोगाचे सूक्ष्म ठिपके वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराखाली दडतात आणि एण्डोस्कोपीत निसटू शकतात. मात्र ज्यांना शस्त्रक्रिया नको असते, त्यांच्यासाठी अनुभवी केंद्रात दरवर्षी एण्डोस्कोपी करून अनेक ठिकाणचे तुकडे तपासण्याचा मार्ग असतो. हा बदल असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या ‘लोब्युलर’ (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) कर्करोगाचाही धोका असतो, हे बहिणीच्या बाबतीत विसरू नये.

मांडवीकाठ: जठर काढल्यावर माणूस जेवतो कसा?

सत्तरीकर: थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, आणि बी-१२ जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. पण धागा त्यासाठी नाही.

अंत्रुजवासी: म्हणजे सोमवारी रक्त बाबांचे द्यायचे, आमचे नाही. त्यांची केमो चालू आहे, त्याने अडचण येईल का?

दूधसागर: जन्मजात बदल केमोने पुसला जात नाही. अलीकडे त्यांना रक्त चढवले असेल, तर तेवढे प्रयोगशाळेला आधी कळवावे. जनुकीय समुपदेशनासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलला जाण्याची तयारी असल्यास सोमवारीच डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्यावी आणि गाठीचा मूळ अहवाल बरोबर ठेवावा.