मागची विंग वाढवली की झालं?
"मागची विंग चढवली की गाडी सगळ्याच वळणांत चिकटून चालते" असं फॉर्म्युला वनच्या गाड्यांबद्दल वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. (विंग म्हणजे हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा पंख; ती चढवणं म्हणजे तिचा कोन वाढवणं.) डाउनफोर्स, म्हणजे हा खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 100 किमीला जेवढा, त्याच्या चौपट 200 ला. त्यामुळे हेअरपिनमध्ये (अगदी तीव्र, हळू वळणात) विंग जवळपास बघ्याच्या भूमिकेत असते, तिथे टायर, स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) यांचंच राज्य. वेगवान वळणात मात्र नुसती मागची विंग वाढवलेली गाडी नाक आत घालायलाच तयार होत नाही. यालाच म्हणतात अंडरस्टिअर! मग पुढच्या विंगचा फ्लॅपही (हलवता येणारी पट्टी) चढवावा लागतो. पिट स्टॉपला मेकॅनिक पुढच्या विंगशी वाकून पिळे देतो ना, ते त्यासाठीच.

मोंझा (इटलीतला वेगवान ट्रॅक) इथली 2010 ची शर्यत आठवा. गाडी एकच, मॅक्लारेन; ड्रायव्हर दोन, बटन आणि हॅमिल्टन. बटनने एफ-डक्ट (सरळ रस्त्यावर मागच्या विंगचा हवेला होणारा अडथळा कमी करणारी नळी) ठेवून मोठी विंग घेतली, हॅमिल्टनने एफ-डक्ट काढून बारीक. पात्रता फेरीत बटन दुसरा, हॅमिल्टन पाचवा. शर्यतीत हॅमिल्टन पहिल्याच लॅपला फेरारीच्या फेलिपे मासाला धडकून बाहेर, त्यामुळे खरी तुलना राहूनच गेली (हळहळ अजून आहे). बटन सरळ रस्त्यावर मागे पडायचा आणि वळणांत वसूल करायचा. शेवटी फेरारीच्याच अलोन्सोमागे दुसरा आला.