'संघटनात्मक यश' म्हणजे नक्की कोणाचं?

भाषांतरवाली: एका संशोधनासाठी प्रश्नावली मराठीत करून दिली. विषय असा, की विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना 'ऑर्गनायझेशनल सक्सेस' कशात दिसतं. मी 'संघटनात्मक यश' लिहिलं. पुण्यातच थोड्या जणांकडून भरून घेतली, तर बहुतेकांनी सातवा वेतन आयोग, आश्वासित प्रगती योजना (बढती नाही मिळाली तरी वरची वेतनश्रेणी) नि रिक्त पदं यांवर लिहून दिलं. एकाने 'लेखणी बंद आंदोलन' एवढंच. मला आधी वाटलं, कागद बदलले. मग उजेड पडला, त्यांनी 'संघटना' म्हणजे त्यांची कर्मचारी संघटना धरली होती! 'संस्थात्मक' मी पुढच्या पानावर 'इन्स्टिट्यूशनल'साठी खर्च करून बसलेय. काय लिहू? शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

सदाशिवपेठी: त्यांचं काहीच चुकलं नाही. सम् + घट्, म्हणजे जुळवणं. जुळवण्याची क्रिया ते संघटन, जुळलेली मंडळी ती संघटना. 'संघटनात्मक' पेपरात कुठे दिसतो? 'संघटनात्मक बांधणी', तीही पक्षाची. सरळ 'संस्थेचं यश' लिहा. 'आत्मक' दिसलं की माणूस पुढचं वाचत नाही.

निवृत्त_बारनिशी: 31 वर्षं विद्यापीठात काढली, शेवटची सहा बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक नोंदीत. ताई, 'संस्था' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे पतसंस्था येते. संस्थेचं यश विचारलंत तर लाभांश सांगतील.

आणि 'यश' हा आमच्या टेबलावरचा शब्दच नव्हे. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, चांगली श्रेणी आली की यश, आणि ते कुलगुरूंचं. आमचं नुसतं 'पार पडलं'. दीक्षान्त पार पडला, परीक्षा पार पडल्या. कायदा म्हणतो निकाल 30 दिवसांत लावा, फार तर 45. पंचेचाळिसाव्या दिवशी का होईना निकाल लागला, खिडकीशी आरडाओरडा नाही, मार्कलिस्टवर आईचं नाव बरोबर आलंय, की आम्ही चहा मागवायचो. त्याला यश म्हणणारा भेटला असता तर हसलो असतो.

कानामात्रा: काका नकळत व्युत्पत्तीच सांगून गेले! संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती. 'काम फत्ते' हा अर्थ आपण मराठीत रुळवला, हिंदीवाले त्याला सफलता म्हणतात. तेव्हा यश कुलगुरूंना, कर्मचाऱ्यांना 'साफल्य'.

कोथरूडकर: साफल्य हे सोसायटीचं नाव असतं हो. माझी आत्या राहते एकात.

कानामात्रा: मग 'डॉक्टरांच्या हाताला यश आहे' यात कीर्ती कुठेय, तेही सांगा. (माझंच मला खोडावं लागतंय.)

सदाशिवपेठी: पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत मुळात गव्हर्नरांचा बंगला. संस्था नको असेल तर 'संस्थान' लिहा.

कोथरूडकर: एक विचारू? शिक्षकेतर की शिक्षकेत्तर? मोर्च्याच्या फलकांवर मी कायम 'त्त' पाहिलाय.

सदाशिवपेठी: शिक्षक + इतर = शिक्षकेतर. 'स्वातंत्र्योत्तर'मधला 'उत्तर' इथे घुसवू नका.

कोथरूडकर: पण ज्यांचं नाव आहे तेच तसं लिहितात ना? हजारो लोक लिहितात ते चूक, आणि आपण चौघं बरोबर?

सदाशिवपेठी: हो.

निवृत्त_बारनिशी: एक त घ्या नाहीतर दोन, त्यात 'इतर' आहेच. पोळीला कोणी भाकरीतर म्हणतं का? आम्ही काय नाही, यावरून आमचं नाव. 'सपोर्ट स्टाफ' त्यापेक्षा बरं वाटायचं.

सदाशिवपेठी: काका, तुम्हीसुद्धा इंग्रजी?

निवृत्त_बारनिशी: बारनिशी तरी कुठे संस्कृत आहे.

भाषांतरवाली: उद्या शुक्रवार आहे हो. 'विद्यापीठाचं काम नीट चाललंय असं तुम्ही कधी म्हणाल?' असं विचारू का? पण मार्गदर्शक म्हणतात, मूळ प्रश्नावली प्रमाणित आहे, प्रश्न हलवायचा नाही.

कानामात्रा: काका, चिटणीस-फडणीसातला 'नीस' फारसी 'नवीस', लिहिणारा. तोच बारनिशीत असणार. पण 'बार' कुठला?

निवृत्त_बारनिशी: आमचे हेडक्लार्क सांगायचे, फाईल बारा टेबलं हिंडून परत येते म्हणून बारनिशी.

सदाशिवपेठी: साफ चूक. सविस्तर लिहितो, जेवून येतो.