बारमधला धूर : तुमच्या टेबलावर काय घडलं?

खिडकीजवळची
गेल्या रविवारी ठाण्यात नवऱ्याच्या वाढदिवसाला जेवायला गेलो होतो. खाली परमिट रूम, वर माळ्यावर फॅमिली सेक्शन. धूर जिन्याने वर चढतो हे बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. सुरमई यायच्या आधीच लेकीला ढास लागली. मॅनेजरना बोलावलं, तर म्हणाले, "मॅडम, खाली बार आहे. बारमध्ये ओढणारच ना लोक." मी म्हटलं, बंदी आहे. "ती हॉटेलला. बारला नाही."

घरी येऊन शोधलं. बंदी बारलाही आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून. म्हणजे बंदी असावी की नसावी हा वाद आपल्याकडे कागदावर तरी मिटलेला आहे. माझा प्रश्न एवढाच, की तुम्हाला ती कुठे दिसली का? ओढणाऱ्यांनी, न ओढणाऱ्यांनी, तिथे काम केलेल्यांनी लिहा. उपदेश नकोत, किस्से द्या. हॉटेलांची नावं टाळा.

तळटीप
किस्सा नाही, सवयीने तळटीप. मूळ कायदा २००३ चा, नियम २००८ चे. ३० किंवा त्याहून जास्त जणांची बसायची सोय असलेल्या रेस्टॉरंटला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते, पण तिला छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं आणि आतली हवा इमारतीत न मिसळता थेट बाहेर जायला हवी. 'खाली धूर, वर फॅमिली' यात कुठेच बसत नाही. दंड २०० रुपयांपर्यंत.

आणखी एक गंमत. मोकळी जागा कायद्यातल्या सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे गच्चीवर छप्पर घालून, तीन बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडून, आत पंखे लावले तरी मालकाच्या लेखी ती गच्ची मोकळीच असते.

रात्रपाळी
मी २००१ ते २०१२ वेटर होतो. डोंबिवली, मग मुलुंड. आधी टेबल पुसायला, नंतर ऑर्डर घ्यायला.

लोकांना वाटतं एसी सेक्शन चांगला. आम्ही एसीची ड्युटी चुकवायला बघायचो. नॉन-एसीत निदान पंखा असतो, दार उघडं असतं. एसीत तोच धूर फिरून फिरून अंगावर येतो. दर सोमवारी एसीची जाळी धुवायची पाळी असायची. बादलीतलं पाणी चहासारखं व्हायचं, तेही दुसऱ्या खेपेला.

ॲशट्रे उचलायची एक रीत असते. भरलेल्यावर रिकामा पालथा घालायचा, दोन्ही एकदम उचलायचे, मग दुसरा रिकामा ठेवायचा. नाहीतर राख उडून चखण्यात पडते. मला हे शिकवलं तेव्हा मी अठराचा होतो आणि फार भारी वाटलं होतं, जादूचा खेळ शिकल्यासारखं.

मी आजवर एक झुरकासुद्धा घेतलेला नाही. पण रात्री दीड वाजता घरी गेलो की आई शर्ट आत येऊ द्यायची नाही, गॅलरीत दोरीवर टाकायला लावायची. तिला खात्री होती मी लपून ओढतो. एकदा वडिलांनी खिसे तपासले. काडेपेटी निघाली. गिऱ्हाइकाने सिगारेट तोंडात धरली की काडी पेटवून पुढे करायची, त्यावर टिप ठरायची. हे सांगून त्यांना पटलं नाही. वर्षभर नीट बोलले नाहीत.

२००८ ला शेठनी ॲशट्रे गोळा करून पोटमाळ्यावर टाकले, भिंतीवर पाटी लावली. पहिला महिना लोक खरंच बाहेर जायचे. मग कोणीतरी रेग्युलर गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, एक वाटी आण पाणी घालून." वाटी आणली. नाताळपर्यंत प्रत्येक टेबलावर वाटी. तीच वाटी धुऊन सकाळी चटणीला. हे वाचून कोणाला मळमळत असेल तर माफ करा, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

एक सुट्टी
मी ओढणाऱ्यांतला. रोज सहा-सात, पूर्वी वीस.

१ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये पबमध्ये बंदी आली तेव्हा कंपनीने मला रेडिंगला पाठवलेलं होतं. आदल्या रात्री मित्रांनी 'शेवटची आतली सिगारेट' म्हणून समारंभ केला. दुसऱ्या दिवशी त्याच पबमध्ये गेलो तर वास! सांडून मुरलेली बियर, घाम, जुना गालिचा. इतकी वर्षं धुराने सगळं झाकलेलं होतं. इंग्रज मित्र हळहळत होते, मी मात्र मनात म्हटलं, मुतारी एवढी जवळ आहे हे आज कळलं.

डिसेंबरात बाहेर उभं राहून ओढायला लागलं की माणूस हिशेब करतो. वीसच्या बारा झाल्या त्या तिथे. पुण्यात परत आलो आणि पहिल्याच पार्टीत वेटरने न मागता ॲशट्रे आणून ठेवला. परत पंधरावर गेलो. वेटरला दोष देत नाहीये. पण थंडी आणि लाज या दोन गोष्टींनी माझं जेवढं भलं केलं तेवढं पाकिटावरच्या चित्रांनी केलं नाही.

ओले काजू
गोव्यात शॅकवर कोण अडवणार? समोर समुद्र, वारा. मला तिथे ओढलेलं चालतं. गावातल्या तावेर्नांत, म्हणजे छोट्या दारूच्या गुत्त्यांत, मात्र खिडकी एक आणि माणसं पंधरा. सिगारेट पेटवली की मालकीणबाईच सांगते, "भायर वच." तिला कायदा माहीत नसेल, स्वतःचा खोकला माहीत आहे.

कळीचा नारद
दारू प्यायला बसलेल्याने धुराबद्दल तक्रार करावी, हे म्हणजे फारच झालं. ज्यांना त्रास होतो त्यांनी ज्यूस सेंटरला जावं की.

रात्रपाळी
@कळीचा नारद, गिऱ्हाईक जाईल ज्यूस सेंटरला. वेटर कुठे जाणार?

गल्ला
आता मालकाचीही बाजू ऐका. नाशिकला आमचं बेचाळीस सीटचं आहे, वडिलांपासून. तळटीप सांगतात ती ओढायची वेगळी खोली मी काचेची करून घेतली. एक्झॉस्ट, दार, सगळं नियमाने. नियम असा की त्या खोलीत वाढायचं नाही, फक्त ओढायचं. गिऱ्हाईक म्हणतं, ग्लास हातात नाही तर सिगारेटची मजा काय? चार जणांचा ग्रुप असला तर एक आत कोंडून ओढतोय आणि तिघं बाहेरून त्याला बघतायत, प्राणिसंग्रहालयात बघावं तसे. सहा महिन्यांत खोलीत क्रेट रचले.

मग सरळ सांगायला लागलो, फुटपाथवर जा. दोन महिने धंदा पडला, खोटं बोलत नाही. रेग्युलर चारपाच टेबलं शेजारी गेली, कारण शेजारी वाटी मिळते. बंदी सगळ्यांना सारखी लागू केली तर आम्हाला काहीच अडचण नाही. जो पाळतो त्याचंच गिऱ्हाईक तुटतं, हा खरा त्रास. आणि तक्रार येऊनही आपण काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितक्यांचा दंड मालकावर, हे किती मालकांना ठाऊक आहे?

हळूहळू फॅमिली वाढल्या. संध्याकाळी सात ते नऊ आता त्यांचेच. त्या पूर्वी यायच्याच नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब कधी मांडला नव्हता.

चंद्रपूर ते तोक्यो
इथे जपानात उलटं होतं. रस्त्यावर ओढायला बंदी आणि आत मुभा! तोक्योतल्या चियोदा भागात २००२ पासून चालता चालता सिगारेट ओढली तर २००० येन दंड. पण इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, शिरलं की शेजारच्याचा धूर तुमच्या ताटात यायचा. एप्रिल २०२० पासून देशभर आतही बंदी आली, तरी १०० चौरस मीटरपर्यंतची जुनी छोटी दुकानं सुटली. त्यांनी दारावर तसं लिहायचं, आणि वीस वर्षांखालच्या कोणालाही धुराच्या भागात घ्यायचं नाही, अगदी कामावरसुद्धा. शिकायला आलेली आपली पोरं अशाच ठिकाणी पार्टटाइम ताटं उचलतात. एकोणीस वर्षांच्या भाच्याला त्या नियमामुळे एका ठिकाणी काम नाकारलं. तो चिडला होता. रात्रपाळींचं वाचून त्याला लिंक पाठवली.

लोअर परळ
हा धागा सिगारेटचा आहे, तरी लिहिते. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ माणसं गेली. आमचं ऑफिस जवळच होतं. त्या गच्च्यांवर आम्ही कितीदा गेलो होतो, हुक्क्याच्या निखाऱ्याची टोपली घेऊन पोरं टेबलांमधून पळायची, वर ताडपत्री, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसायचं नाही. हुक्क्याचे निखारे तपासात पुढे आले आणि २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. आजही कुठे वर छप्पर दिसलं की मी आधी जिना शोधते.

खिडकीजवळची
@रात्रपाळी, आता काय करता? (सांगायचं नसेल तर राहू द्या.)

रात्रपाळी
डबे पोचवतो. बदलापुरात बायकोची पोळीभाजी आहे. वडिलांशी बोलणं सुरू झालं होतं, ते जाण्याआधी दोन वर्षं. काडेपेटीवर कधी विषय निघाला नाही.

तळटीप
पुन्हा मी. धूम्रपानबंदीच्या पाटीवर तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव असावं लागतं. पुढच्या वेळी जेवायला गेलात की बघा आणि इथे लिहा.

एक सुट्टी
कोथरूड. पाटी आहे, नाव आहे. विचारलं तर कळलं, ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी काम सोडून उडुपीला गेले.

गल्ला
आमच्याकडे माझंच नाव आहे. आजपर्यंत एक तक्रार आली. सासऱ्यांची.

खिडकीजवळची
काल ठाण्याच्या त्याच ठिकाणी पार्सल घ्यायला थांबले होते. पाटी सापडली, फ्रिजच्या मागे. नावाच्या जागी वायफायचा पासवर्ड चिकटवलाय.