आंभोरा, पवनी, रामटेक आणि धीवरांची वस्ती : गाइडसोबतच्या सहलींचे तुमचे अनुभव

नागपुरातून एका दिवसाची देवदर्शनाची सहल ही काही नवलाई नाही. रामटेक, अदासा, धापेवाडा, कोराडी इथं आपण सगळे डबे बांधून जात आलोय. पण हल्ली बसमध्ये माइक धरलेला गाइड असतो आणि पत्रकावर ‘धीवर बांधवांसोबत एक दुपार’ अशी ओळ असते. धीवर म्हणजे मासेमारी करणारा समाज. २०२४ च्या जानेवारीत आंभोऱ्याचा नवा पूल खुला झाला आणि रविवारी तिथं जत्राच भरायला लागली. अशा सहलीला जाऊन आलेल्यांनी इथं लिहावं. गाइडनं काय सांगितलं, काय सांगितलं नाही, होडीवाल्याशी तुमचं बोलणं झालं का, गावाच्या हाती काय पडलं. कंपनीचं नाव लिहू नका, भांडणं होतात. आणि जे त्या गावांतलेच आहेत त्यांनी तर नक्की लिहा. तुमच्या अंगणात आमची बस उभी राहते तेव्हा तुम्हाला काय वाटतं, हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

महालकर

आमचा ज्येष्ठ नागरिकांचा गट आंभोऱ्याला गेला होता. बस साडेसहाला सुटणार होती, ती साडेसातला सुटली. तेवढ्यात तर्री पोहे झाले, त्यामुळे तक्रार नाही. गाइड पोरगा गोड होता, पण पाठांतरवाला. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी ही पाच नद्यांची नावं त्यानं शाळेतल्या कवितेच्या चालीवर म्हटली. चैतन्येश्वराच्या टेकडीवर गेल्यावर, मुकुंदराजांनी शके १११० मध्ये म्हणजे ११८८ साली ‘विवेकसिंधु’ इथंच लिहिला, असं सांगितलं. आमच्यात मराठीच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी विचारलं, “मग अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात त्याचं काय?” पोरगा पाणी पिऊन येतो म्हणाला तो पुलापाशीच भेटला.

खरी मजा होडीत आली. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथवर चढलेलं असल्यानं संगम म्हणून डोळ्यांना एक मोठा तलावच दिसतो. नावाडी म्हणाला, “काकाजी, आता सारं एकच पाणी दिसते. पण मी दाखवतो ना कुठं कोणती नदी हाये.” आणि त्यानं खरोखर दाखवलं. कुठं ओढ लागते, कुठं पाणी गढूळ होतं, जुना घाट कुठं बुडालाय, सगळं. माइक त्याच्या हातात द्यायला हवा होता. त्याला मात्र शेवटपर्यंत कुणी ‘गाइड’ म्हटलं नाही, ‘ए होडीवाले’ म्हणूनच हाका चालल्या होत्या.

कुहीवाला

वर नावाड्याची गोष्ट वाचली, म्हणून लिहितो. मी धीवर आहे. गाव कुही तालुक्यात, नाव सांगत नाही. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, काका आणि चुलतभाऊ अजून पाण्यावरच आहेत.

बस येते साडेअकरा-बाराला. मग गाइड म्हणते, जाळं टाकून दाखवा. आता भर दुपारी जाळं कोण टाकते भाऊ? सांजेला लावायचं, पहाटे काढायचं, हा आमचा हिशोब. पण लोकांना फोटो पाहिजे, म्हणून काका फेकजाळं घेऊन उभा राहते. जाळं हवेत गोल फुललं की टाळ्या. त्यात मासा काहीच येत नाही, मग पाहुणे हळहळतात, ‘बिचाऱ्यांना काही मिळालं नाही.’ अरे, त्या वेळी मिळतच नाही! पहाटेचा मासा काकूनं कधीच मांढळच्या बाजारात नेलेला असते.

नदी होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यात पाणी आटून डोह उरायचे, त्या डोहांवर मे महिना निघायचा. पहिल्या पावसात चढणीचा मासा वर यायचा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दचं भूमिपूजन केलं, पुढं धरण झालं आणि आमच्या डोक्यातला नदीचा नकाशाच पुसला गेला. चढणीचा मासा भिंतीपाशी अडला. बाराही महिने खोल पाणी, जुनी जाळी तळाला लागत नाहीत. आता जास्त करून सोडलेल्या बोटुकलीचा, म्हणजे माशाच्या बोटभर पिलांचा मासा, रोहू, कतला, मृगळ. मरळ सापडली तर घरात सण. शेती बुडाली त्याची मोजणी झाली, सातबारा होता. डोहाचा सातबारा नसते.

यातलं एक अक्षर गाइड सांगत नाही. त्याला सांगायचं नसते असं नाही, त्याला माहीतच नाही. एका बाईनं काकाला विचारलं, “तुमचा पारंपरिक पोशाख नाही का?” काका टी-शर्टवर होता, त्यावर कोण्या सिमेंटची जाहिरात. तो म्हणाला, “हाच हाये.”

पैशाचं म्हणाल तर होडीच्या फेरीमागं ठरलेली रक्कम मिळते, मग आत दहा बसोत का पंधरा. म्हणून पंधरा बसवतात.

नंदनवनची आई

पंधरा बसवतात, हे आम्ही भोगलंय. लाइफ जॅकेट मागितले तर चार निघाले, तेही लहान मुलांच्या मापाचे नाहीत. मी मुलीला घेऊन काठावरच थांबले, त्यावरून नवऱ्यानं परतीच्या वाटेवर टोमणे मारले, ते वेगळंच. दुसरं, बायकांच्या सोयीबद्दल गाइडला आधीच विचारून घ्या. ‘आहे ना मॅडम’ याचा अर्थ पुढच्या धाब्यावर आहे. तो पुढचा धाबा पाऊण तासावर होता.

बाकी पूल सुंदर आहे. वरच्या गॅलरीतून पाणी बघायला मुलीला फार आवडलं.

इतिहासाचा मास्तर

मी रामटेकबद्दल लिहितो. गडावर कुठल्याही सहलीत दोनच गोष्टी सांगतात. राम इथं थांबला आणि कालिदासानं इथं मेघदूत लिहिलं. पहिली श्रद्धेची, तिला माझा नमस्कार. दुसरीबाबत संशोधक वा. वि. मिराशींनी मेघदूतातली रामगिरी म्हणजे रामटेक हे मांडलं, ते कसं मांडलं हे सांगितलं असतं तर आमच्या नववीच्या पोरांना पुरावा म्हणजे काय ते कळलं असतं. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेल्यावर मुलांच्या वतीनं राज्य चालवलेली बाई. तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात ‘रामगिरिस्वामी’च्या पायापाशी दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पाचव्या शतकात या टेकडीवर रामगिरिस्वामी म्हणून देव पुजला जात होता. टेकडीवरच केवल नरसिंहाचं मंदिर आहे, लाल दगडातली भली मोठी मूर्ती, भिंतीवर वाकाटककालीन शिलालेख. सहलीची रांग त्याच्या बाजूनं सरळ वर निघून जाते. मी पोरांना तिथं बसवलं तर गाइड घड्याळ दाखवायला लागला, खिंडसी तलावाची बोटिंग चुकेल म्हणून.

खाली अंबाळा तलावाच्या काठावर पिंडदान चाललं होतं आणि घाटाच्या पलीकडच्या टोकाला एकजण गळ टाकून बसला होता. एका पोरानं विचारलं, “सर, हे चालतं का इथं?” मी उत्तर दिलं नाही, त्या माणसालाच विचार म्हटलं. तो म्हणाला, देव दोघांचाही आहे. पोरानं ते वहीत लिहून घेतलं, मिराशींचं नाव मात्र नाही लिहिलं.

येताना रस्त्यावर शिंगाडे घ्या. दिवाळीच्या आगेमागे ताजे मिळतात. तलावात गळ्यापर्यंत उतरून ते काढणारेही बहुतेक धीवरच.

इंदोऱ्याहून

आमच्या वस्तीतून दरवर्षी पवनीला बस जाते. दीक्षाभूमी घरचीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचे आजोबा त्या मैदानात होते, त्यामुळे तिथं आम्हाला गाइड लागत नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहारही पाहुणे आले की होतं. पवनीला मात्र माहीतगार माणूस लागतो, कारण बघायला गेलात तर टेकडीच दिसते. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, तेव्हा खालून मोठा स्तूप निघाला. मुचलिंद नागाचं शिल्प, ब्राह्मी लेख, दान देणाऱ्यांची नावं. सांची, भारहूतच्या तोडीचं ठिकाण आपल्या वैनगंगेवर होतं आणि भाजीबाजारात विचारलं तर ‘टेकडीकडं जा’ एवढंच कळतं.

आमच्यासोबतचे गृहस्थ तिथलेच, निवृत्त शिक्षक. त्यांनी वर नेलं, बसवलं, आधी वंदना झाली, मग तासभर बोलले. शेवटी घाटावर नेलं. पवनीला घाट आणि देवळं इतकी की लोक विदर्भाची काशी म्हणतात. घाटावर धीवर जाळी विणत बसले होते. शिक्षकांनी ओळख करून दिली ती अशी: “हे अमुक काका, यांना पाण्यातलं विचारा, मला दगडातलं.” मग लोक आपोआप बोलायला लागले. कुणी जाळं फेकायला सांगितलं नाही. कुहीवाला भाऊंनी लिहिलेलं वाचून हे मुद्दाम सांगतोय.

पाणी खात्यातून निवृत्त

आंभोऱ्याच्या होडीत एक तरुण जोडपं नाक दाबून बसलं होतं. “गावातले लोक नदी साफ का ठेवत नाहीत?” असं त्यांनी गाइडला विचारलं आणि गाइडनंही ‘जनजागृती हवी’ म्हणून मान हलवली. मला राहवेना. नाग नदी लाव्याच्या बाजूनं उगवते, अंबाझरी, मग सारं शहर, पुढं पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. आपण सकाळी जे फ्लश केलं त्यातलं जे शुद्धीकरणातून सुटतं ते संगमावर पोचतं. त्यातलं नत्र-स्फुरद खाऊन इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी माजते, तिचा जाड गालिचा पाण्यावर पसरतो, खाली ऊन आणि प्राणवायू कमी पडतो. जाळं त्यात अडकलं तर फाटतं, होडी रुतते. हे सगळं मी बसल्या जागी सांगितलं. जोडपं गप्प झालं. नावाडी हसला आणि म्हणाला, “साहेब, हे तुम्ही नागपुरात सांगा ना.”

माझं मत सरळ आहे. ही सहल अंबाझरीच्या धरणापासून सुरू करावी. पारडीला पुलावर दहा मिनिटं थांबावं, वास घ्यावा आणि मग संगमाला जावं. तिकीट विकलं जाणार नाही, हे मान्य.

गोंदियाची लेक

माझं सासर मानेवाडा, माहेर नवेगावबांधच्या बाजूला. तिकडच्या एका सहलीचा अनुभव चांगला होता. गेलो होतो मामा तलाव बघायला. माजी मालगुजारी तलाव हो, गैरसमज नको. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात बांधलेले, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत हजारोंनी आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले आणि पाळी, म्हणजे तलावांचे बांध, दुरुस्त करायला कुणी उरलं नाही. गाळ भरला, बेशरमाची झुडपं माजली.

आम्हाला हिंडवणाऱ्या धीवर बाया होत्या. पदर खोचून त्या पाण्यात उतरल्या, आम्ही पाळीवर. बेशरम मुळासकट उपटून काढायची, मग पाण्यातल्या आपल्या गावठी वनस्पती परत लावायच्या, कारण मासा अंडी घालतो ती त्यांच्या आडोशाला. नुसती बोटुकली विकत आणून सोडली तर दरवर्षी विकतच आणावी लागते. एकीनं देवधान दाखवलं. आपोआप उगवणारा रानभात, पिकला की दाणा गळतो म्हणून तो होडीतून झोडपून घेतात. माझ्या आजीच्या उपासाला तो चालायचा, शेतात पेरलेला चालायचा नाही. मी माहेरची असून तो कुठून येतो ते मला तिथं कळलं.

सहलीचे पैसे त्यांच्या बचत गटाकडं आधी जमा, पावती हातात. जेवण त्यांच्याच अंगणात. आणि बसवाल्यांना त्यांनी सांगितलेलं होतं, एका वेळी वीसच माणसं.

खवय्या

जेवणाचं कुणीच नीट लिहिलं नाही! भात आणि झिंग्यांचा रस्सा. सावजीची सवय असूनही डोळ्यांतून पाणी आलं. फक्त एक विनंती, एकाच सहलीत मंदिर आणि मासे घ्यायचे तर क्रम आधी ठरवा. आमच्या बसमध्ये अर्ध्या लोकांना दर्शनाआधी खायचं नव्हतं आणि दर्शन दोनला झालं.

धागाकर्ता

खवय्या, तुमची तक्रार सर्वांत गंभीर आहे, नोंद घेतली. कुहीवाला, तुमच्या काकांकडं बसशिवाय, गाइडशिवाय पाच-सहा जण आले तर चालेल का? नोव्हेंबरात, फोटोसाठी जाळं न टाकता.

कुहीवाला

चालते ना. पण आदल्या रात्री गावात मुक्कामाला या, पहाटे साडेचारला डोंगा निघते, कोणासाठी थांबत नाही. पोहता येणाऱ्यानंच डोंग्यात बसायचं, बाकीच्यांनी काठावर शेकोटीपाशी. होडीचे पैसे काकाच्या हातात द्या. मासा पाहिजे असल्यास भाव काकूशी करा. काका भाव सांगत नाही, आणि सांगितला तरी काकू तो मानत नाही.