‘उच्चार-प्रतिमान’ म्हणावं की आणखी काही?

प्रश्न : भाषांतरात ‘आर्टिक्युलेटरी मॉडेल’ला ‘उच्चार-प्रतिमान’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खाली लाल रेघ मारली. चुकलं काय?

उत्तर : रेघ बरोबरच आहे. शब्द कसा म्हणायचा तो उच्चार, आणि म्हणताना जीभ-ओठ काय करतात तोही आपल्याकडे उच्चारच. बोलणं ओळखणाऱ्या किंवा बोलून दाखवणाऱ्या यंत्रात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली म्हणजे शब्दापुढे त्याचे ध्वनी मांडलेली यादी. दुसरी म्हणजे जीभ, ओठ, जबडा, मऊ टाळू यांच्या हालचालींचं गणित. तुमचा लेख दुसरीवर आहे.

परवा कोल्हापुरात मिसळ खायला बसलो होतो. मित्राच्या फोननं पाटी वाचून दाखवली, तर ‘झणझणीत’मधले दोन्ही झ ‘झेंडा’तल्यासारखे! तर्री पुढ्यात असताना असलं झणझणीत कोण म्हणतंय राव? आपलं जिभेचं टोक तिथं दातांमागं टेकतं, यंत्राचं उच्चारण टाळूकडं गेलं. ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणून बघा. ‘माझी’त पुढच्या ई-साठी जीभ आधीच वर निघालेली असते, झ तिच्याबरोबर सरकतो. ही ओढाताण हालचालींच्या गणितात सरळ मांडता येते. पण ‘जग फिरून आला’ आणि ‘सुखानं जग’ यांतले दोन ज वेगळे काढायला जीभ उपयोगाची नाही, तिथं अर्थ कळायला हवा.

तोंडाच्या हालचालींतून बोलणं घडवायची कल्पना जुनी आहे. केंपेलेन या हंगेरियन संशोधकानं भाता, कंप पावणारी पत्ती आणि हातानं दाबायचं तोंड जोडून बोलकं यंत्र केलं, १७९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तरी रोजच्या वापरात ही पद्धत मागं पडली, कारण जिभेवर बारीक संवेदक चिकटवून माणसांना बोलायला लावावं लागतं. शिवाय जिभेच्या वेगवेगळ्या ठेवणीतून जवळपास सारखाच आवाज निघू शकतो, मग आवाजावरून उलटं जिभेपर्यंत पोचणं अवघड.

प्रश्न : मग संस्कृतातलं ‘करण’ कसं वाटतं?

उत्तर : नेमकं आहे. टाळू हे स्थान, तिथवर जाणारी जीभ हे करण. पण आज ‘करण-प्रतिमान’ वाचून लोक पंचांग काढतील. ‘वागिंद्रिय-प्रतिमान’ लिहा; वागिंद्रिय म्हणजे बोलण्याचा अवयव. जड आहे, कबूल. पहिल्यांदा कंसात ‘जीभ-ओठांच्या हालचालींचं’ असं द्या, पुढं नुसतं ‘प्रतिमान’ चालेल.