बिडीचा खोकला की टीबीचा? एआरटीवर (एचआयव्हीच्या गोळ्यांवर) असणाऱ्यांनी सांगा

मिरचीवाला_नागपूर
वय ४३. कळमना मार्केटला मिरचीच्या अडतीत काट्यावर बसतो. एआरटीला सहा वर्षं झाली, गोळी चुकवत नाही, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) मागच्या वेळीही 'सापडत नाही' असाच आला. घरी बायकोला माहीत आहे, अडतीत कोणालाच नाही.

औषध घ्यायला गेलो की सिस्टर तेच चार प्रश्न विचारते. खोकला? ताप? वजन कमी? रात्री घाम? मी मान वर न करता चार वेळा 'नाही' म्हणतो. खरं म्हणजे खोकला आहे. पण तो पंधरा वर्षांचा जुना, दिवसाला एक बंडल बिडी लागते मले. त्यात मिरचीचं पोतं फुटलं की अख्खी अडत खोकते, माझा कोणाला ऐकू येणार? 'हो' म्हटलं की एक्स-रेची लाइन, थुंकीची डबी, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

पण तीन हप्त्यांपासून त्याचा आवाज बदलून राहिला. आधी सकाळची पहिली बिडी ओढली की ठसका यायचा अन् छाती मोकळी व्हायची. आता रात्री दोनला उठवतो. बायको म्हणते, उशीचा अभ्रा ओला असतो. पट्टा एक भोक आत गेला.

टीबी होऊ नये म्हणून २०२१ मध्ये सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या, मग टीबी कसा होईल? आणि बिडी सोडून खर्रा धरला तर चालेल का?

संत्रा_बर्फी
चालते भाऊ. मी सिगारेट सोडून खर्राच धरला. छाती एकदम मस्त.

बुटीबोरीकर
भाऊ, मीही असाच 'नाही-नाही'वाला. दोन महिने खोकल्याचं औषध पीत राहिलो अन् ५८ चा ४९ किलो झालो. थुंकी साध्या तपासणीत निगेटिव्ह आली, मी खूश. मग सीबीनॅट केली, म्हणजे मशीनवर जंतूंचे जनुक शोधणारी थुंकीची तपासणी, त्यात टीबी निघाला. डॉक्टरांनी समजावलं की एचआयव्हीत फुफ्फुसाला खड्डे कमी पडतात, म्हणून थुंकीत जंतू कमी उतरतात. एक्स-रेसुद्धा कधीकधी साफ दिसतो.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर एआरटीतल्या डोलुटेग्राव्हिरची आणखी एक गोळी १२ तासांनी घ्यावी लागली, कारण टीबीचं रिफाम्पिसिन तिचा जोर मोडते. ती सेंटरनेच दिली, आपल्या मनानं काही करू नका. टीबीच्या पेशंटला सरकारकडून पोषणाचे महिन्याला ५०० रुपये यायचे तेव्हा, आता १००० झालेत.

समुपदेशक_ताई
दादा, बाकीच्यांना दोन आठवडे खोकला असेल तर तपासायला सांगतात. एचआयव्ही असलेल्याचा एका दिवसाचाही खोकला मोजतात. जुना, बिडीचा, मिरचीचा, कसलाही असो. तो कशाचा आहे हे ठरवणं तुमचं काम नाही, तुम्ही फक्त 'हो' म्हणा.

२०२१ च्या गोळ्यांनी तेव्हा आत झोपलेले जंतू मारले असतील. नंतर कोणाकडून नवे आले तर? एआरटीनं धोका बराच उतरतो, पण एचआयव्ही नसलेल्याइतका खाली येत नाही. वर बिडी. श्वासनळीत बारीक केस असतात, ते कचरा वर ढकलतात. धुरानं ते लुळे पडतात आणि जंतू गिळणाऱ्या पेशीही मंदावतात.

खर्र्याला धूर नसतो, खरं आहे. पण सुपारी-तंबाखूनं हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. मग एआरटीची गोळी कुठून घालणार? संत्रा_बर्फी, तुम्हीही तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

संत्रा_बर्फी
दोनच जातात.

मिरचीवाला_नागपूर
आज गेलो. मालकाला दात काढायचा आहे म्हणून सांगितलं. सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, मी 'हो' म्हटलं, तर तिचा पेन पुढच्या 'नाही'वर आधीच पोहोचला होता. खोडून परत लिहिलं. किती दिवस? म्हटलं, पंधरा वर्षं अन् तीन हप्ते. मास्क देऊन खिडकीजवळच्या बाकड्यावर बसवलं. एक्स-रे झाला, एक थुंकी तिथंच दिली, दुसरी उद्या सकाळी उठल्याउठल्या द्यायची आहे. साध्या पाण्यानं चूळ भरायची अन् खोलवरून खोकून काढायची, लाळ नको म्हणाले.

डबी मोरीच्या फळीवर ठेवली, माझ्या माचिसजवळ. आत्ता पाहतो तर माचिस नाही. बायकोनं उचलली.