मल्टींची पिल्लं दिसंनात

शाहूपुरीतनं विचारतोय. दोन फुटी टाकीत सहा मल्टी (रिकाम्या शंखात राहून तिथंच पिल्लं काढणारे बारके मासे), आठ शंख. पाणी नळाचं, पीएच (पाणी आम्ल का अल्कधर्मी याचं माप) ७.२. दोन महिने झाले, मादी शंखातनं डोकं काढून बघत्या, पिल्लू एक नाही. काय चुकतंय?

— शंख कमी पडालेत भावा. एका माशामागं तीन तरी पाहिजेत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या तळाला रिकाम्या शंखांचे थरच असतात, तिथला हा मासा. बारीक वाळू दोन इंच टाक, शंख ते स्वतःच पुरतात.

— पीएच ८ च्या वर ने, पण हळूहळू. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घाल.

— आणि शंख सारखे उचलून बघू नको राव! मी हात आवरला, तीन आठवड्यांनी रात्री टॉर्च मारला, तर शंखाच्या तोंडाशी कणीएवढी पिल्लं. वेगळी टाकी नको, खायला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके जीव) दे.

— उचलतोय हे कसं कळलं?